चपला ठेवून जा

किल्ली फाटकाच्या कुलपात गेली, पण फिरेना. ओनोफ्रेने ती काढली, सदऱ्याला पुसली, पुन्हा घातली आणि जरा वर उचलून फिरवून बघितली. माणसांचे सांधे धरतात तसे कुलपांचेही धरत असतील, तेल घालायला हवं, नोएमियाला सांगून कधीचं झालंय, असं तो स्वतःशी पुटपुटत होता. पाठीवर गिटार होती, दुपारचं ऊन सरळ टाळूवर येत होतं आणि फाटकाच्या आत एक कुत्रं बसून त्याच्याकडे ओळखीच्या नजरेनं बघत होतं. आपण कुत्रं कधी पाळलं, हा प्रश्न त्याच्या मनात येतो न येतो तोच खिडकी उघडली. केसांना कर्लर लावलेली एक तरुण बाई बाहेर डोकावली आणि म्हणाली, "काका, आज परत?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, दोन शब्द ऐकवून निघून जाता आलं असतं. ती आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात बोलली, आणि त्या 'परत'नं ओनोफ्रेचा हात किल्लीवरून सुटला. त्यानं फाटकाकडे नीट बघितलं. फाटक हिरवं होतं. त्याचं, म्हणजे त्याच्या आताच्या घराचं, फाटक नुसतं लोखंडाचं होतं आणि ते इथून तीन थांबे पुढे होतं. हे घर त्यांनी सोडलं तेव्हा त्याच्या बायकोचे, नोएमियाचे, केस काळे होते. आज तो घरून शाळेकडे निघाला होता, सांबाच्या शाळेकडे, म्हणजे सांबा रचणाऱ्या-गाणाऱ्या मंडळींच्या अड्ड्याकडे, शनिवारच्या जेवणाला. बसमध्ये बसला होता. मग पाय आपोआप उतरले असणार.

"चुकून झालं," तो म्हणाला. "जुनी सवय."

"असू द्या हो. मागल्या वेळी तर आत येऊन बसला होतात. कॉफी घेतलीत. नोएमियाताई बाजारात गेल्यात, एवढ्यात येतील म्हणालात." तिनं एक कर्लर सोडवला. "आज घेता का? पाणी ठेवलंच आहे."

"नको. आज शाळेत जेवण आहे."

"मग आमच्या नावानं चपलांचं गाणं म्हणा एकदा," ती म्हणाली, आणि खिडकी लावून घेताना खरोखरच दोन ओळी गुणगुणली. जायचंय तर जा, बाई, पण चपला ठेवून जा. सुरात नव्हती, पण शब्द सगळे बरोबर होते.

तो रेल्वेच्या पुलाकडे चालू लागला. मागल्या वेळी. कॉफी. त्यानं कितीही आठवायचा प्रयत्न केला तरी त्या जागी काही नव्हतं, पुसट चित्रसुद्धा नव्हतं. विसरलेली गोष्ट निदान टोचते, जिभेवर येते, ही टोचतसुद्धा नव्हती. मग आणखी काय काय गेलं असेल? पैसे ठेवलेला खिसा चाचपावा तसं त्यानं घाईघाईनं ते नवं गाणं चाचपून बघितलं. पहिली ओळ होती. दुसरी होती. मधली जागा होती. पुढचं कडवंही होतं. त्याच्यापुढे आणखी एक होतं की नव्हतं याची मात्र त्याला खात्री वाटेना, आणि पुलाच्या पायऱ्या चढताना त्यानं ठरवलं की होतं तेवढं पुरे आहे, आज कसंही करून ते शाळेच्या अंगणात नेऊन टाकायचं. एकदा बायकांनी उचललं की सुटलो. मग हे डोकं जाईना का उडत.

त्याची वही म्हणजे नोएमिया होती. त्याला लिहायला येत नव्हतं असं नाही, पण सांबा लिहून ठेवणं त्याला लोणच्यासारखं वाटायचं, टिकतं पण ताजं राहत नाही. तो स्वयंपाकघराच्या दारात उकिडवा बसून गिटार छेडत गायचा, ती कांदा चिरता चिरता ऐकायची, आणि महिन्याभरानं तो एखादी ओळ विसरला की तिकडून कढईच्या आवाजावरून ती ओळ यायची. वर टोमणाही यायचा. "स्वतःचं पोर स्वतःला ओळखू येत नाही का रे?" तो सात तारांची गिटार वाजवायचा. सगळा जीव खर्जाच्या तारांत, उजव्या अंगठ्यात. हे त्याला गल्लीतल्या न्हाव्यानं शिकवलं होतं, एकाची दाढी झाली आणि दुसरा अजून यायचाय एवढ्या फटीत. न्हावी म्हणायचा, गाणारा घरात पुढच्या दारानं शिरतो, खर्ज वाजवणारा मागच्या दारानं, पण चूल मागेच असते. बाप रेल्वेच्या कारखान्यात होता. त्याला हे चुलीचं तत्त्वज्ञान पटलं नाही. तो म्हणाला, मागच्या दारानं भिकारी येतात. पुढे बापाचंच थोडंफार खरं ठरलं, पण तोवर अंगठा तयार झाला होता.

मग शहरातलं रेडिओचं केंद्र, गळ्यात उसना टाय, आणि काचेमागे वादक मंडळी. नामवंत गायक यायचे, वासाचं तेल लावून यायचे, गाऊन जायचे. तबकडीवर त्यांचं नाव छापलं जायचं आणि त्यांच्या आवाजाखालून चालणारा खर्ज ओनोफ्रेचा असायचा, ज्याचं नाव कुठेच नसायचं. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर वाटत असे, पण तो नाही म्हणायचा. एकदा एक गायक आलाच नाही, कार्यक्रम सुरू झालेला, आणि संचालकानं घाबरून याच्याकडे बोट केलं. ओनोफ्रे गायला. त्याचा आवाज बारीक आणि खरखरीत, कुंपणावरून शेजाऱ्याशी बोलल्यासारखा. लोकांना वाटलं हा आपल्याशीच बोलतोय. त्यानं गायलेलं गाणं चपलांचं होतं, आणि ते गाणं म्हणजे खरं तर एक भांडण होतं. तो सांबाच्या बैठकांमध्ये गुंतून दोन दिवस घरी आला नव्हता. आला तर नोएमिया गाठोडं बांधून बहिणीकडे निघालेली. तो उंबऱ्यात उभा, तोंडाला काशासाचा, उसाच्या दारूचा, वास, आणि सुचेल ते बोलून गेला, "जायचंय तर जा, पण चपला ठेवून जा, त्या मी आणल्यात." ती गल्लीत चार पावलं गेली आणि तिला हसू फुटलं. इतकं की ती पायरीवर बसली. मग हसता हसताच एक एक चप्पल काढून तिनं त्याला फेकून मारली. पहिली चुकली, दुसरी कानाला लागली. दिवेलागणीला गाणं तयार होतं.

त्या गाण्यानं त्याला मोठं केलं आणि त्याच गाण्यानं त्याला खाल्लं. त्या गाण्याची तबकडी निघाली, तिच्या दुसऱ्या बाजूला त्याचा एक फार चांगला सांबा होता, पण ती बाजू कुणी उलटली नाही. पुढे फॅशन बदलली, विजेवरच्या गिटारी आल्या, रेडिओनं वादक घरी बसवले, आणि ओनोफ्रेनं बरीच वर्षं लोकांच्या भिंतींना रंग दिला. अंगठ्याचं नख चुन्यानं खराब होऊ नये म्हणून कापड बांधायचा, बाकीचे रंगारी हसायचे. म्हातारपणी कॉलेजची पोरं शोधत आली. नाट्यगृहात कार्यक्रम ठेवला, खांद्यावर शाल टाकावी तसं कौतुक टाकलं. त्यानं मन लावून जुने सांबे गायले. पोरं नम्रपणे ऐकत राहिली, चपला आल्या तेव्हा उभी राहून नाचली, आणि चपला संपल्यावर घड्याळ बघू लागली. रस्त्यात कुणी त्याला ओनोफ्रे म्हणत नसे. चपलेवाले काका. आयुष्यभर बांधलेल्या घरातली लोकांना फक्त उंबऱ्यातली चप्पल आठवावी, तसलं काहीसं ते होतं.

पुलावरून खाली त्याला शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसलं आणि अंगणातलं आंब्याचं झाड. ढोल कुणीतरी उगाच एक-दोनदा वाजवून बघत होतं. त्या अंगणाचा कायदा साधा होता. रचणारा नवा सांबा घेऊन यायचा, नवा आहे अशी दवंडी पिटायची नाही, समजावून सांगायचं नाही, मधे उभं राहून नुसतं गायला लागायचं. भोवती पास्तोरा, म्हणजे मागे गाणाऱ्या बायका, उभ्या असायच्या. त्यांना आवडला तर त्या उचलायच्या, नाही आवडला तर साडेतीन मण वजनाच्या पुरुषानं गायला तरी तो तिथेच मरायचा. ढोल पुरुषांचे, ताल पुरुषांचा, पण निकाल बायकांचा. आणि बायकांत पहिली असायची नोएमिया. ती तालाच्या अर्धा श्वास आधी शिरायची, जणू ओळ संपायची वाट बघणं तिला जमत नसे, आणि तिच्यामागून सगळ्यांचे आवाज धरण फुटल्यासारखे यायचे. ती शिरायची तिथे ओनोफ्रे खर्जावरचा अंगठा उचलून धरायचा. तेवढी जागा तिची. असं कधी दोघांनी बोलून ठरवलं नव्हतं. एकदा त्यानं एक अवघड सांबा आणला आणि गाण्याआधी दोन शब्द बोलायला लागला, तर तीच सगळ्यांदेखत म्हणाली, "समजावून सांगावा लागतो तो सांबा नव्हे, मालक, तो खटला." अंगण खदाखदा हसलं होतं.

ती गेली ती अगदी साधी गेली. दुपारी भांडी घासली, जरा पडते म्हणाली, आणि उठलीच नाही. पलंगाखाली तिच्या चपला होत्या, एकीला एक लागून, टाचा भिंतीकडे. स्मशानात शाळेचा झेंडा शवपेटीवर घातला आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी गाऊन तिला निरोप दिला. काय गायले? चपलांचंच गायले. प्रेमानं गायले, रडत गायले. ओनोफ्रे पेटीच्या डोक्याशी उभा होता, ओठ हलवत होता आणि प्रत्येक शब्द त्याला दगडासारखा लागत होता. गंमत म्हणून केलेलं गाणं असं खरं व्हायला नको होतं. ती गेली होती आणि चपला ठेवून गेली होती. त्या अजून पलंगाखाली आहेत. झाडू मारताना तो त्यांच्याभोवतीनं मारतो.

नवं गाणं एका सकाळी आलं. त्यानं कॉफी केली, दोन कप मांडले, एक भरला आणि दुसऱ्यावर भांडं धरून तसाच उभा राहिला. दुःख वगैरे नव्हतं, हाताची सवय होती. पण ते उभं राहणं कितीतरी वेळ संपेना, आणि त्याच्यातून ओळ आली. *सकाळी मांडले कप दोन, एक माझा, आणि एक…* ओळ तिथेच थांबली. पुढचा शब्द त्यानं शोधला नाही. तिथे तालाचा पूर्ण एक फेरा गप्प राहायचं, फक्त ढोल चालेल. मग, *खिडकी लावून घेतंय कोण, वारा असेल, नाही तर…* आणि पुन्हा गप्प. बायकांनी हे उचललं, तर दर शनिवारी त्या ओळीपर्यंत येतील आणि सगळ्या मिळून थांबतील. भरल्या अंगणात तेवढी एक जागा कुणीही घेणार नाही. ती अर्धा श्वास आधी शिरायची ती जागा. ओनोफ्रे गेला, त्याचं डोकं त्याच्याआधी गेलं, तरी ती जागा राहील. एवढंच त्याला हवं होतं. आयुष्यात त्यानं देवाकडे बरंच मागितलं होतं, पण याच्याइतकं मनापासून काही मागितलं नव्हतं.

अंगणात काळ्या घेवड्याचा आणि डुकराच्या मांसाचा वास भरला होता, टोपांतून वाफा येत होत्या. बारक्या चार तारांची कावाकिन्यु घेऊन बसलेला आदेमार त्याला बघताच ओरडला, "आले, चपलेवाले आले! बायकांनो, पायातलं सांभाळा!"

"तुझ्या पायातलं कोण नेणार? वासानं मरेल," ओनोफ्रे म्हणाला. गिटार काढून तो त्याच्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "नवीन आणलाय."

"या वयात? त्यापेक्षा नवीन बायको करा, लवकर उरकेल." आदेमारला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. त्यानं ग्लास पुढे केला आणि दुसऱ्याच कुणाशी तरी बोलायला लागला.

क्रेउझा, नोएमियानंतर आता बायकांची पुढारी, संत्री सोलत बसली होती. पाय दुसऱ्या खुर्चीवर, सुजलेले. नोएमियानंच तिला गायला उभं केलं होतं. "दाजी, जेवलात का?" तिनं विचारलं. "खोटं बोलू नका, तोंडावर दिसतंय."

"गाऊन झाल्यावर जेवीन."

"बघा हं. मागल्या खेपेला एकच कडवं तीनदा म्हणालात, रिकाम्या पोटी." ती हसली, पण डोळ्यांनी हसली नाही. तिनं एक फोड त्याच्या तोंडात कोंबली. मग उठून ती बायकांकडे गेली, काहीतरी कुजबुजली, आणि दोघी-तिघींनी वळून त्याच्याकडे बघत माना हलवल्या. ओनोफ्रेला बरं वाटलं. नव्या सांब्याची कुणकुण लागली वाटतं, तो मनात म्हणाला. जुनी हाडं आहेत, त्यांना वास येतो. एकदा वाटलं, सांगून टाकावं, जिथे मी थांबेन तिथे तुम्हीही थांबा. शब्द ओठांपर्यंत आला होता. पण लगेच तो आवाज आठवला, तो सांबा नव्हे, मालक, तो खटला. तिच्या गाण्यासाठी तिचाच कायदा मोडायचा? त्यानं गिटार उचलली.

तो मधे जाऊन उभा राहिला. त्याचा गळा आता एकाच पट्टीत चालायचा, नवं-जुनं सगळं तिथूनच, आणि सुरुवातीला खर्जावर उतरत जाणारे ते चार सूर तर त्याची सहीच होती, ते वाजल्याशिवाय हात मोकळा होत नसे. ते वाजताच अंगणात ओळखीचा हुंकार उठला. ढोल लागला. खंजिरी लागली. तो गायला लागला, आणि आवाज आला, खरखरीत का होईना पण आला, *सकाळी मांडले कप दोन*. समोरच्या बायकांच्या कपाळावर किंचित आठी उमटली, त्या ऐकत होत्या, *एक माझा, आणि एक*. त्यानं अंगठा उचलला.

ढोल एकदा वाजला. आंब्याचं पान हललेलं त्याला दिसलं. सगळं अंगण थांबलं होतं आणि त्या थांबण्यात ती आली, अगदी अर्धा श्वास आधी, त्याच्या उजव्या कानाशी, कांद्याच्या वासासकट. स्मशानापासून जे घट्ट धरून ठेवलं होतं ते त्याच्या छातीत सैल झालं. आहे, जागा आहे, मावते ती, असं त्याला वाटलं. ढोल दुसऱ्यांदा वाजायच्या आत क्रेउझानं हात वर केला आणि सगळ्या बायका एकदम, पूर्ण गळ्यानं, धरण फुटल्यासारख्या शिरल्या, "जायचंय तर जा, बाई, पण चपला ठेवून जा!"

त्यानं मान हलवली. नाही, नाही. त्यांना वाटलं तो ठेका धरतोय, त्यांनी टाळ्या वाढवल्या. आदेमारनं कावाकिन्यु खाड्कन फिरवली. टोपावरची बाई डाव घेऊन नाचू लागली. हात थांबवायचा, एवढंच करायचं होतं त्याला, पण अंगठा त्याचा राहिला नव्हता. त्या अंगठ्यानं हे गाणं इतक्या वेळा वाजवलं होतं की तो मालकाला न विचारता निघून गेला, पुढे, पुढे, घराकडे परतणाऱ्या बैलासारखा. क्रेउझा त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या मायेनं त्याच्याकडे नोएमियानंतर कुणी बघितलं नव्हतं, आणि त्या मायेवर ओरडावं कसं हे त्याला कळेना. तोही गायला. कानाला लागलेल्या चपलेचं कडवं गायला तेव्हा सगळे हसले.

संपल्यावर क्रेउझानं त्याला मिठीत घेतलं, घामानं भिजलेली. कानात म्हणाली, "घाबरलात ना दाजी? कशाला घाबरता? शब्द सुटला तर सुटला. आम्ही आहोत की उचलायला. नोएमियाला शब्द दिलाय मी."

"क्रेउझा, ते हे नव्हतं."

"काय नव्हतं?"

"दुसरं होतं. नवीन. मी मुद्दाम थांबलो होतो. ते… दोन…"

"दोन काय?"

त्यानं तोंड उघडलं. दोन. ओळ सकाळची होती, काहीतरी मांडलेलं होतं. खिडकी होती, पण ती खिडकी गाण्यातली की त्या कर्लरवाल्या बाईची?

"दोन चपला!" आदेमार मागून ओरडला, आणि अंगण हसून हसून लोळलं. ओनोफ्रेही हसला. सगळे हसत असताना हसायचं नाही हे त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. क्रेउझा तेवढी हसली नाही. तिनं त्याचा दंड धरून ठेवला आणि म्हणाली, "म्हणा ना. मी ऐकते. म्हणा."

तो म्हणायला तयार होता. त्यानं डोळे मिटले, चार सूर मनात वाजवले आणि वाट बघितली. त्या सुरांच्या मागून चपला आल्या. त्यानं त्या हाकलल्या, पुन्हा चार सूर वाजवले, पुन्हा चपलाच आल्या. शब्द नव्हते, चाल नव्हती. मधली जागा मात्र होती. ढोल एकदा वाजतो आणि कुणी बोलत नाही, ती. तिच्या आधी काय यायचं आणि नंतर काय यायचं हे गेलं होतं, आणि अलीकडे-पलीकडे काही नसेल तर थांबणं गाण्यात कसं बसवायचं? तिथे कुणाची जागा ठेवायची होती हे त्याला अजून माहीत होतं. उद्या असेल का, ते माहीत नव्हतं.

"राहू दे," तो म्हणाला. "काही नव्हतं तसं."

"आधी जेवून घ्या बघू," क्रेउझा म्हणाली.

पण मंडळी ऐकेनात. पुन्हा एकदा, चपलेवाले, पुन्हा एकदा! कुणीतरी ढोलावर थाप दिलीच. बायका झगे सावरत आपापल्या जागी उभ्या राहिल्या आणि क्रेउझानं डोळ्यांनीच त्याला विचारलं. ओनोफ्रेनं मान डोलावली आणि अंगठा खर्जावर ठेवला. पुढची ओळ काय, हे त्या गाण्यात तरी त्याला माहीत होतं.